स्कुटीतला मका



पर्युषणात पांजरपोळासाठी मक्याचा भरडा घ्यायला गेले, तर मागच्या वेळच्या पैशांत पोतं येईना. आपल्या बारामती-इंदापुरात इथेनॉल म्हटलं की ऊसच आठवतो. पण डिसेंबर 2023 मध्ये सरकारने उसाच्या रसाच्या इथेनॉलवर निर्बंध आणले आणि मक्याची मागणी वाढली. मका निर्यात करणारा आपला देश 2024 मध्ये तो बाहेरून आणू लागला.

एक टन मक्यातून साधारण 380 लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे स्कुटीतल्या 5 लिटर ई-20 पेट्रोलमधलं इथेनॉल मक्याचं असेल, तर अडीच किलोहून जास्त मका जळतो! शेतकऱ्याला भाव मिळाला, तेही चांगलंच. पण गाईचा घास आणि माझी फेरी एकाच पोत्यातून निघते. आता देरासरला मी चालतच जाते.