मक्त्याच्या शेतावर पडलेल्या गारा

फेब्रुवारी 2024 मध्ये अमिरातीतल्या अल ऐन शहरात मोठ्या गारा पडल्या. माझा मामेभाऊ तिथे ड्रायव्हर आहे. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत वाळवंटातलं ते शहर पांढरं पडलेलं, गाड्यांच्या काचा तडकलेल्या, बॉनेटवर खड्डेच खड्डे. खाली लिहिलं होतं, “गाडी मालकाची, विमाही मालकाचा. मी सुखरूप.” ते वाचून मला 2014 चं उमरखेड आठवलं. आमच्याकडे जमीन मालकाची होती, पण पीक आमचं होतं.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्याला गारपिटीने झोडपलं. आमच्या शिवारात ती असरनंतर आली. अम्मीने शिजवलेली हळद अंगणात वाळत घातली होती. पत्र्यावर आधी एक-दोन टणटण, मग असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. हळदीवर टाकायची ताडपत्री अम्मीने करडांवर टाकली. अब्बा शेतात होते. पिकाचं कुणी बोलत नव्हतं. दाराकडे बघत सगळे दुआ मागत होतो. अब्बा बैलगाडीखाली बसून वाचले, अल्हम्दुलिल्लाह. हातांवर मात्र काळेनिळे डाग होते. गारांनी माणसं मरतात, 1888 मध्ये मुरादाबादेत 246 माणसं गेली, हे मी पुढे वाचलं.

दुसऱ्या दिवशी शेतात गहू आडवा झाला होता. हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे चिखलात. जमिनीत होती तेवढी हळद वाचली, अंगणातली भिजून काळवंडली. सूरह नूरमध्ये डोंगरांसारखे ढग आणि गारांचा उल्लेख आहे. अब्बा तो ऐकवायचे आणि गप्प व्हायचे.

ते चार एकर अब्बांनी नात्यातल्या एका चाचांकडून मक्त्याने केले होते. मक्ता पाडव्याला, आगाऊ. त्या वर्षी पाडवा 31 मार्चला होता, आणि घरात विकायला काही नव्हतं. पंचनामा झाला, सरकारची मदतही जाहीर झाली, बागायतीला हेक्टरी 15,000 रुपये. पण सातबाऱ्यावर नाव चाचांचं, म्हणून पैसे चाचांच्या खात्यात.

चाचा वाईट माणूस नव्हते. पुढचा मक्ता त्यांनी सोयाबीन निघेपर्यंत थांबवला. मदतीच्या पैशाचा विषय मात्र निघेना. अब्बांना मागायची लाज वाटत होती. अम्मी म्हणाली, “भीक थोडीच मागायची आहे? आपल्या गव्हाचे पैसे आहेत ते.” ती एसटीने यवतमाळला गेली, चाचांशी नाही, चाचींशी बोलली आणि 12,000 रुपये घेऊन आली. निम्मे. अब्बांना ते पुष्कळ वाटले. माझं मत वेगळं आहे: बियाणं, खत, पाणी, राबणं सगळं आमचं होतं, मग निम्मे कशाचे? यावर आमचं बापलेकीचं अजून जमत नाही.

आपल्या फिकहमध्ये अशा आपत्तीला ‘जाइहा’ म्हणतात. सहीह मुस्लिममध्ये प्रेषितांची (स.) शिकवण आहे की, झाडावरचं फळ विकलं आणि ते आपत्तीत नष्ट झालं, तर विकणाऱ्याने भावाकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. ती फळांच्या विक्रीबद्दल आहे. मक्त्याला ती कितपत लागू होते, हे उलमांना विचारावं. पण उमरखेड, पुसदकडे जमीन मक्त्याने देणारी आपलीही घरं आहेत. त्यांनी आपल्या मौलानांना एकदा विचारावंच. मदत खात्यात जमा झाल्यावर नव्हे, पाडव्याला मक्ता ठरवतानाच.

आता ते शेत माझा भाऊ करतो. मक्तेदाराला पीक विमा काढायचा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मागच्या पाडव्याला भावाने चाचांच्या मुलाकडे तो विषय काढला. त्याने चहा मागवला आणि हसून म्हणाला, “आपल्यात कागद कशाला, भाई?” भावाने मक्ता मोजून दिला. यंदा शेतात पुन्हा गहू आहे.