एकाच पाणबुडीच्या दोन गोष्टी

पुण्यासारख्या समुद्र नसलेल्या शहरात वाढल्यामुळे आमची पाणबुडीशी ओळख झाली ती नेताजींच्या चरित्रातून. शाळेत इतिहासाच्या बाई तो प्रसंग रंगवून सांगत. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी आबिद हसन यांच्यासह जर्मनीतल्या कील बंदरातून 'यू-१८०' मध्ये बसले, आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात आले आणि एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळ, खवळलेल्या समुद्रात, रबरी तराफ्यावरून जपानी पाणबुडीवर गेले. त्या तराफ्यावर मनाने आम्हीही कितीदा तरी बसलो. धाडस म्हणजे ते, अशी आमची पक्की समजूत होती.

त्या जपानी पाणबुडीला काही पूर्वायुष्य असेल, असे मात्र आम्हांला कधी सुचले नाही. फार उशिरा वाचनात आले की तिचे नाव 'आय-२९'. आणि त्याआधी अवघे पाच महिने, २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, तिनेच 'तिलावा' हे प्रवासी जहाज बुडवले होते. मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेल्या त्या जहाजावर ९५८ माणसे होती, त्यांत पोटापाण्यासाठी परमुलखात चाललेली कितीतरी हिंदी कुटुंबे. दुसऱ्या टॉर्पेडोनंतर जहाज तळाला गेले. २८० जण दगावले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश युद्धनौकेने उचलून मुंबईस परत आणले.

जहाजाबरोबर चांदीच्या २,३६४ लगडीही बुडाल्या होत्या. त्या २०१७ मध्ये वर काढल्या गेल्या. त्यांच्यावरून झालेला वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये निकाली निघाला. चांदीला दावेदार मिळाले. माणसांसाठी आमच्या पाठ्यपुस्तकात एक ओळही नव्हती.

'तिलावा' बुडाली तेव्हा नेताजी युरोपात होते. त्या घटनेशी त्यांचा काही संबंध नाही, आणि त्यांच्या साहसाला तिने उणेपणा येत नाही. प्रश्न आहे तो आमच्यासारख्या, गोष्ट सांगणाऱ्यांचा. गोष्ट कुठून सुरू करायची हे आपण ठरवतो, आणि त्याच वेळी कोणाला बाहेर ठेवायचे हेही ठरते. वर्गात निवेदनाविषयी हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. स्वतःच्या सर्वांत लाडक्या गोष्टीला मात्र ते कधी लावून पाहिले नाही.

यापुढे तो तराफा आम्ही सांगूच. पण त्याआधी मुंबईच्या धक्क्यावरून सुटलेले ते जहाजही सांगू.