मधली वीतभर

"काका, हा स्टे रॉड जमिनीखाली कसा दिसतो?" तिनं विचारलं तेव्हा मी सावलीत बसून टर्नबकलला ग्रीस लावत होतो. मला उत्तर देता आलं नाही. टॉवरला धरून ठेवणाऱ्या तारा, म्हणजे ताण, ज्याला बांधतात तो हा रॉड मीच पुरला होता, तेवीस वर्षांपूर्वी, स्वतः खड्डा खणून. त्यानंतर तो पाहायचं कधी मनातही आलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा गेला. हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. साठ फुटांच्या टॉवरवर ज्याचं सगळं काम डोक्याच्या वर चालतं, त्या माणसाला आणखी काय सांगायचं उरतं? कमरेचा पट्टा तिच्या हाती दिला. साखळी गावची मुलगी, इंजिनिअरिंगला आहे, हॅम रेडिओचा परवाना नुकताच मिळालेला. पट्टा दिला, पण अट घातली: पहिला महिना जमिनीवर. म्हणून तिनं टिकाव उचलला.

दीड फुटावर ती थांबली. "काका, इकडे या."

वर, उन्हात दिसणारा रॉड लख्ख होता, जस्ताचा करडा मुलामा शाबूत. खाली, काँक्रीटच्या तोंडाशीही त्याची वीस मिलिमीटरची जाडी जशीच्या तशी. मधली वीतभर मात्र पेन्सिलीएवढी उरलेली. नखानं खरवडलं तर गंजाचे पापुद्रे सुटून येत होते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं उन्मळली, खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. माझा टॉवर मात्र हलला नाही. वीस मीटर बँडची तीन एलेमेंटची यागी अँटेना, प्रत्येक एलेमेंट दहा मीटरच्या आसपास, एवढा पसारा डोक्यावर घेऊन तो उभा राहिला. पुढचे सहा महिने भेटेल त्याला मी ते ऐकवत होतो. बांधणीचा विषय निघाला की "तौक्तेत बघितलंत ना?" हे माझं ठरलेलं वाक्य. आता हिशेब करतो तेव्हा वाटतं, त्या दिवशीही ती वीतभर अर्धीअधिक गेलेलीच असणार. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर भार चौपट होतो, हे मी पोरांना शिकवतो. त्या वादळात आणखी किती वेग सोसला असता, हे मला कळायला मार्ग नाही, आणि ते मला झोपू देत नाही.

गंजाला मी कधी हलकं लेखलं नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावर, केरी-हरमलच्या बाजूला, मी चार टॉवर उभे केले. तिथली खारी हवा दोन पावसाळ्यांत साधा नट खाते. तिथे मी गरम जस्तात बुडवलेल्या मालाशिवाय काही वापरलं नाही. बाजारात 'जीआय' म्हणून चंदेरी रंग फासलेला माल मिळतो, तो घेणाऱ्यांशी भांडलो. पण तिथे शत्रू वरून येत होता, म्हणून सगळी वर्षं मी वर बघत राहिलो. माझं घर डिचोलीत, मयेच्या बाजूला, समुद्रापासून आत. घरच्या टॉवरला धोका नाही, असंच धरून चाललो होतो.

खरा घोटाळा केला तो माझ्या अर्थिंगनं. आमची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन चिंब होते, पण एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी होते की अर्थचा रोध चढत जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा सुरू होतात. म्हणून मी टॉवरभोवती तांब्याची पट्टी फिरवली, तांब्याचे रॉड ठोकले, कोळसा-मिठाचे खड्डे केले आणि तिन्ही स्टे रॉड तांब्याच्या तारेनं त्या कड्याला जोडले. वीज कुठूनही येवो, तिला वाट मिळावी. भर मे महिन्यात अर्थ टेस्टरनं दोन ओहम दाखवले. जांभ्यात दोन ओहम! येणाऱ्या प्रत्येक हॅमला यागीच्या आधी मी तो आकडा दाखवायचो.

जस्त आणि तांबं ओल्या मातीत ठेवून तारेनं जोडलं की काय होतं, हे शाळेतल्या पोराला विचारा. डॅनियल सेल. सुमारे एक व्होल्ट, आणि झिजतं ते जस्त. जस्त संपलं की लोखंड. मी अंगणात बॅटरी पुरली होती. माती वीज वाहून न्यायला कमी पडेल म्हणून वर मीठही घातलं होतं. रात्रंदिवस तेवीस वर्षं ती चालू होती.

रॉडची दोन्ही टोकं का वाचली? वरचं हवेत, खालचं काँक्रीटच्या अल्कलीत. मधलं तेवढं उघड्या मातीत. मग काँक्रीट वरपर्यंत आणावं का? काँक्रीटला चीर गेली की पाणी आत शिरणार, आणि ते दिसायचंही नाही. तांब्याची जोडणी तोडावी का? तरी काँक्रीटमधलं लोखंड बाहेरच्या जस्ताशी जवळजवळ तांब्यासारखंच वागतं. झीज मंदावेल, थांबायची नाही. ताणात एग इन्सुलेटर घालून प्रवाह तोडला तर विजेसाठी स्टे रॉडला वेगळं अर्थ हवं, तेही जस्ताच्याच रॉडचं. शेजारी मॅग्नेशियमचा तुकडा पुरून त्याला बळी द्यावा, तर तो संपला हे कळायला पुन्हा खणावं लागणार. महिनाभर मी एवढ्याच गोष्टीभोवती फिरत होतो. बायको म्हणाली, जेवताना तरी माती नको.

शेवटी ठरवलं की ताण जमिनीत न्यायचाच नाही. जाड पाइपचा पोस्ट काँक्रीटमध्ये रोवायचा, काँक्रीट जमिनीच्या वर टोपीसारखं आणून उतार द्यायचा, आणि ताण पोस्टला कमरेच्या उंचीवर बांधायचा. लोखंड, सिमेंट, खर्च सगळं वाढतं. पोस्टला उलथवणारा जोर येतो म्हणून पायाही मोठा लागतो. पण जे झिजेल ते डोळ्यांसमोर झिजेल.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. आजकाल नवे परवानाधारक दूरच्या कुणाच्या तरी स्टेशनला इंटरनेटवरून जोडून घेतात आणि आपल्या खोलीत बसून बोलतात. मला ते पटत नाही, कधी पटणारही नाही. 1961 पर्यंत गोवा हॅमच्या जागतिक यादीत वेगळा देश होता, सीआर 8 ही त्याची खूण. युरोपातले म्हातारे हॅम अजूनही ते आठवून गोव्याचं नाव घेतात तेव्हा मला माझ्या लोखंडातून, माझ्या तारेतून उत्तर द्यायचं असतं.

घरचे तिन्ही पोस्ट झाले. यागी तिनं उतरवली आणि परत चढवली. मी खाली दोर धरून होतो. वरून तिनं नट कसल्याचं ओरडून सांगितलं तेव्हा पाना माझ्या हातात नसल्याचं मला फार लागलं.

पण मी बांधलेले टॉवर सात आहेत, आणि सातही ठिकाणी तेच तांबं, तोच आकडा मी अभिमानानं लावून आलो. पेडण्यातल्या तिघांकडे खणून झालं. दोघांचे रॉड धड आहेत, वाळूत पाणी थांबत नाही म्हणून असेल, तिसऱ्याचा बदलला. डिचोलीतल्या एकानं पुढच्या रविवारी बोलावलंय. मोपाच्या सड्याखाली एक राहतो, विमानतळ झाल्यावर त्यानं टॉवर आपणहून उतरवला, त्याचा प्रश्न मिटला.

राहिला एक. हरमलचा तो हॅम चार वर्षांपूर्वी वारला. टॉवर मुलांनी त्याची आठवण म्हणून ठेवलाय आणि अंगणभर टाइल्स बसवल्यात, स्टे रॉडच्या अगदी गळ्यापर्यंत. मी दोनदा गेलो. चहा झाला, वडिलांच्या गोष्टी झाल्या. टाइल्स फोडायच्या म्हटल्यावर थोरला म्हणाला, "काका, तौक्तेत हलला नाही तो. तुम्हीच सांगत होता."

पावसाच्या आत तिसऱ्यांदा जायचं आहे. या खेपेला माझ्याकडचा तो पेन्सिलीएवढा तुकडा सोबत नेणार आहे.