निवडलेला मुलगा

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून घरी परतलेल्या मुलामुलींच्या उशाशी हल्ली एका विशिष्ट धाटणीची जाडजूड इंग्रजी कादंबरी हमखास आढळते. एक अनाथ मुलगा, जादूविद्या शिकवणारी निवासी शाळा, जगावर आलेले संकट, आणि जगाला तारील तर हाच मुलगा, असे आधीच वर्तवलेले भाकीत. हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडच्या व्यापारी घरांतील वडीलधारी मंडळी असे पुस्तक चाळतात आणि पोरखेळ म्हणून बाजूला ठेवतात. परंतु या कथांच्या मुळाशी असलेला प्रश्न पोरखेळाचा नाही. ज्याची निवड झाली त्याला कुणी विचारले होते का, हा तो प्रश्न आहे. आणि प्रत्येक पेढीला पिढीत एकदा तरी त्याला सामोरे जावे लागते.

या कथाप्रकाराला जगभर लोकप्रियता मिळाली ती जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरमुळे. त्याचे पहिले पुस्तक २६ जून १९९७ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे हॅरी मराठीतही आला. त्या मालिकेतील एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. हॅरीविषयीचे भाकीत मुळात दोन मुलांना सारखेच लागू पडत होते. शत्रूने त्यांपैकी एकाला आपला प्रतिस्पर्धी मानले, म्हणून तो 'निवडलेला' ठरला. जैन पुराणकथा ऐकत वाढलेल्या वाचकाला ही सृष्टी अगदीच परकी वाटू नये. त्या कथांतील विद्याधरही आकाशात संचार करतात. मात्र रावणासारख्या पराक्रमी विद्याधरालाही विद्या तपश्चर्येनेच साधावी लागते. भाकीत आयते मिळते, विद्या आयती मिळत नाही.

रेनबो रॉवेल या अमेरिकन लेखिकेने २०१५ मध्ये 'कॅरी ऑन' ही कादंबरी लिहून हा ठरीव साचाच उलटसुलट करून पाहिला. तिचा नायक सिमन हाही अनाथ. जादूच्या शाळेचा प्रमुख त्याला भाकितातला तारणहार म्हणून शाळेत आणतो. त्याच्या खोलीत राहणारा बॅझ हा जुन्या, मातब्बर घराण्यातला मुलगा, सिमनचा हाडवैरी. वर्षानुवर्षे एकमेकांवर पाळत ठेवणारे हे दोघे शेवटच्या वर्षी बॅझच्या आईच्या हत्येचा शोध घेण्यासाठी एकत्र येतात आणि वैराच्या जागी प्रेम उमलते. दोन मुलांमधील हे प्रेम आपल्याकडील ज्येष्ठ वाचकांना अनपेक्षित वाटेल. लेखिकेने ते इतर कोणत्याही प्रेमकथेइतक्याच साधेपणाने लिहिले आहे. बॅझला ओढ आहे ती सिमनची. त्याला तारणहार म्हणून पुढे करणाऱ्यांना मात्र त्याच्या शक्तीशीच कर्तव्य असते.

कथेचा खरा धक्का पुढे आहे. भाकीत आपल्या हातून खरे व्हावे म्हणून शाळाप्रमुखानेच विधी करून या मुलाचा जन्म घडवून आणलेला असतो. तोच सिमनचा पिता असतो आणि मुलगा मात्र अनाथालयांत वाढलेला असतो. शिवाय सिमन जेव्हा जेव्हा आपली अफाट शक्ती वापरतो, तेव्हा जगात दुसरीकडे कुठेतरी जादूची पोकळी निर्माण होते. हिशेब जाणणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. एका खात्यात जमा झालेली रक्कम दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडलेलीच असते. अखेरीस सिमन आपली सारी जादू त्या पोकळीला देऊन टाकतो आणि सामान्य माणूस होतो. पित्याने रचलेली निवड मुलगा अशा रीतीने परत करतो.

अशी निवड आणि तिचे असे परत करणे केवळ कल्पित शाळांतच घडते असे नाही. वर्धा शहराने दोन्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. जमनालाल बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळील काशी का बास या खेड्यात, कनीराम यांच्या साध्या घरी झाला. वर्ध्याचे धनाढ्य शेठ बच्छराज यांच्या घराला वारस हवा होता. त्यांच्या घराण्यात दत्तक म्हणून लहानगे जमनालाल वर्ध्याला आले. मुलाच्या बदल्यात कनीरामांनी पैसा घेतला नाही. गावासाठी विहीर बांधली गेली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. कोवळ्या मुलाची संमती विचारण्याची त्या काळी रीतच नव्हती.

मुलगा सतरा वर्षांचा झाला तेव्हा त्याचे उत्तर आले. एका समारंभासाठी दागदागिने घालण्यावरून आजोबा आणि नातू यांच्यात खटका उडाला. संतापाच्या भरात बच्छराजांनी आपल्या संपत्तीची जाणीव करून दिली. जमनालालांनी शांतपणे पत्र लिहिले, संपत्तीवर आपला कोणताही हक्क नसल्याचे कळवले आणि घर सोडले. पुढे बच्छराजांनी विनवणी करून त्यांना परत आणले. ते परतले, पेढी सांभाळली, व्यापार वाढवला; पण त्या दिवसानंतर ती संपत्ती त्यांनी आपली मानली नाही, विश्वस्ताच्या भावनेने वापरली. घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये त्यांनी दलितांसाठी खुले केले, त्यामागेही हीच भावना होती.

याच माणसाने दुसऱ्यांदा दत्तक जाण्याचे ठरवले, ते मात्र स्वतःच्या इच्छेने. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींना आपल्याला पाचवा पुत्र मानण्याची विनंती केली. पहिल्या वेळी वडिलांनी मुलाला निवडले होते. दुसऱ्या वेळी मुलाने वडिलांना निवडले.

त्यांचा विवाहही वडीलधाऱ्यांनीच ठरवलेला होता. जावऱ्याच्या जानकीदेवी आणि जमनालाल, दोघेही लग्नाच्या वेळी लहान होते. तसे विवाह आज कायद्याने आणि विवेकानेही बाद ठरले आहेत. तरीही त्या घरातील पुढची वाटचाल पाहण्यासारखी आहे. दागिने आणि पडदा सोडून, खादी स्वीकारून जानकीदेवी सार्वजनिक कार्यात उतरल्या. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ज्या कुळवधूची ओळख दागिन्यांनी व्हायची, तिने आपली ओळख स्वतः घडवली. कादंबरीतील प्रेमातही हेच असते: लादलेल्या भूमिकेपलीकडचा माणूस दिसणे आणि तो आवडणे.

शाळेच्या बाबतीतही वर्ध्याला सांगण्यासारखे काही आहे. कादंबरीतील जादूच्या शाळेत मोजक्या मुलांनाच प्रवेश असतो. स्वतः जेमतेम शालेय शिक्षण घेतलेल्या जमनालालांच्या गावात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने मांडलेली कल्पना नेमकी उलट होती: सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधाराने आणि सर्व मुलांसाठी. सेवाग्रामच्या नई तालीमचा पाया तो हाच. तिथे जादूची कांडी नव्हती, टकळी होती, आणि ती प्रत्येकाच्या हाती यायची होती.

आता पुन्हा पेढीकडे वळावे. बँकेच्या ठेवीवर नामनिर्देशन केलेली व्यक्ती त्या ठेवीची मालक होत नाही. ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारते, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केली आहे. अनेक घरांत मात्र पाळण्यातच मुलाचे नाव दुकानाच्या गादीवर लिहिले जाते आणि मुलीचे स्थळ बाजारभावासारखे पाहिले जाते. नाव लिहून घेणे आणि मन मिळवणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिलीला वडिलांची सही पुरते, दुसरीला मुलाची लागते. ती मागितली नाही, तर मुलगा एक तर जन्मभर कुढत गादीवर बसतो, नाही तर एक दिवस पत्र लिहून निघून जातो. आणि प्रत्येक घराला बच्छराजांसारखी परत बोलावण्याची संधी मिळतेच असे नाही.

म्हणून उशाशी पडलेले ते पुस्तक एकदा वडीलधाऱ्यांनी हाती घ्यावे. इंग्रजी जड वाटल्यास मुलीला किंवा नातवाला गोष्ट सांगायला लावावी. त्या गोष्टीतला मुलगा पुढे काय करतो आणि का करतो, हे ऐकता ऐकता 'आणि तुला काय करायचे आहे?' हा प्रश्न सहज विचारता येईल. उत्तर मनासारखे येईलच असे नाही. परंतु विचारून आलेला नकारसुद्धा न विचारता गृहीत धरलेल्या होकारापेक्षा घराच्या हिताचा असतो. कारण त्यानंतरचा हिशेब निदान खरा लिहिला जातो.