डबा सोडायचा की नाही?

सध्या एका विज्ञानकथेसाठी छोटं मालवाहू यान कागदावर रचतोय. मधे कणा, त्याला अडकवलेले सुटे डबे. कल्पना जुनीच! १९५६ साली 'आयडियल एक्स' जहाज ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला गेलं, तीच.

प्रश्न चिलखताचा. जाड पत्रा लावला की तेवढा माल कमी. फ्रेड व्हिपलने १९४७ मध्ये मांडलेली युक्ती बरी: बाहेर पातळ पत्रा, मधे पोकळी, मग भिंत. प्रचंड वेगाने आलेला कण पहिल्या पत्र्यावरच फुटून विखुरतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला हेच कवच आहे.

तरी वजन वाढतंच. म्हणून कवच फक्त माणसांच्या खोलीला. डबे उघडे, पेटला तर सोडून द्यायचा.

पण त्याच डब्यावर कर्ज काढलेला कप्तान तो सोडेल? कथा बहुतेक तिथेच आहे. तुम्ही सोडला असता?