वाळवीचे मडके

उर्दूत जिला आपण 'दीमक' म्हणतो, तिला मराठीत 'वाळवी' म्हणतात. घरात वाळवी लागली, की माणसे घाबरतात. दाराची चौकट, कपाट, पुस्तके, काही म्हणून ती सोडत नाही. लहानपणी मी मात्र वाळवी शोधत फिरत असे.

1999 सालची गोष्ट. मी पाचवीत होतो. आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाणारे आमचे शहर तेव्हा औरंगाबाद होते. आम्ही बेगमपुऱ्यात राहत होतो. माझ्या नानांनी एक तित्तर पाळला होता. रात्री ते त्याच्या पिंजऱ्यावर कापडाचा गिलाफ घालत. पहाटे फजरची नमाज पढून आले, की गिलाफ काढत. मग तित्तर मान ताठ करून असा ओरडे, की सगळी गल्ली जागी होई.

तित्तर ज्वारी-बाजरी खातो. पण नुसत्या दाण्यांवर त्याचे भागत नाही. रानात तो पायांनी माती उकरतो आणि वाळवी, मुंग्या, किडे टिपतो. पिंजऱ्यात हे सारे कोठून मिळणार? ते आणून देण्याचे काम नानांनी माझ्यावर सोपवले होते.

नानांची रीत साधी होती. एक जुने मडके घ्यायचे. त्यात वाळलेले गवत, गोवरीचे तुकडे आणि फाटके गोणपाट भरायचे. वर पाणी शिंपडायचे. ओलावा हवा, पण चिखल होता कामा नये. मग बीबी का मकबऱ्यामागच्या माळावर जायचे. जिथे वाळवीने मातीची बारीक वाट बांधलेली दिसे, तिथली माती हलकेच उकरायची आणि मडके त्यावर पालथे घालायचे. वर एक दगड ठेवायचा. वाळवीला उजेड सोसत नाही. तिला अंधार, ओलावा आणि वाळलेले गवत-लाकूड हवे असते. मडक्यात या तिन्ही गोष्टी मिळतात. दुसऱ्या दिवशी मडके उचलले, की आतले गवत पांढऱ्या वाळवीने भरलेले असे. लागेल तेवढी वाळवी कागदावर झटकून घ्यायची आणि मडके परत तिथेच ठेवायचे.

"वारूळ कधी फोडू नकोस," नाना बजावत. "आज फोडशील, तर उद्या काय आणशील?"

एके दिवशी मुलांचा क्रिकेटचा सामना होता. माळावर जाऊन यायला तासभर लागे. मला खेळायची घाई झाली होती. शेजारच्या घराच्या जुन्या चौकटीला वाळवी लागलेली मी पाहिली होती. मी काडीने ती खरवडली आणि डबीत भरली. त्या दिवशी वाळवी फार हळू चालत होती. मला ते बरेच वाटले. ती डबीबाहेर पळत नव्हती.

संध्याकाळी तित्तराने ती आवडीने खाल्ली. दुसऱ्या दिवशी पहाटे नानांनी गिलाफ काढला, पण गल्ली जागी झाली नाही. तित्तर पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडला होता.

"काल वाळवी कोठून आणलीस?" नानांनी विचारले.

"माळावरून," मी म्हणालो.

दुपारी शेजारच्या खाला अम्मीला सांगत होत्या, की चौकटीला परवाच किडे मारायचे औषध लावले आहे. ते शब्द ऐकले आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. रात्री मी नानांच्या खाटेजवळ गेलो आणि सगळे खरे सांगितले. मला वाटले, आता ते मारतील. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, चूक माझीही आहे. रानातला पक्षी मी पिंजऱ्यात ठेवला. मोकळा असता, तर त्याने आपले अन्न स्वतः शोधले असते. पिंजऱ्यात त्याला आपण देऊ तेच खावे लागले."

त्यानंतर आमच्या घरी दुसरा तित्तर आला नाही.

पुढे मी पक्ष्यांविषयी वाचू लागलो. आमच्या शहरातल्या सरोवराला ज्यांचे नाव दिले आहे, त्या डॉ. सालिम अली यांनी 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. कोणता पक्षी काय खातो, घरटे कसे बांधतो, हे त्यांनी तासन्‌तास पाहून लिहिले. तित्तरासारखे आपल्या रानातले पक्षी पकडण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हेही मला तेव्हाच कळले.

आता मी शिक्षक आहे. माझ्या घराच्या गच्चीवर जाळीची एक खोली आहे. तीत झेब्रा फिंच नावाचे छोटे पक्षी आहेत. ते मूळचे ऑस्ट्रेलियातले; पण माझ्याकडचे पक्षी पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. ते राळा आणि बाजरी खातात. आपली चिमणीही दाणे टिपते, पण पिल्लांना अळ्या भरवते. म्हणून घरट्यात पिल्ले असली, की मीही या पक्ष्यांना थोड्या मऊ अळ्या देतो.

बाहेरचा एकही किडा मी त्यांना देत नाही. अळ्या घरीच वाढवतो. पसरट डब्यात दोन-तीन बोटे उंच गव्हाचा कोंडा घालतो. त्यात पिठात होणारे काळे भुंगे सोडतो. ओलाव्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची फोड ठेवतो; पाणी घातले तर बुरशी येते. भुंगे कोंड्यात अंडी घालतात. त्यांतून अळ्या निघतात आणि दोन-तीन महिन्यांत वाढतात. काही अळ्या मी तशाच राहू देतो. त्यांचे कोष होतात आणि कोषांतून पुन्हा भुंगे येतात. उन्हाळ्यात डबा पाण्याच्या माठाशेजारी थंडाव्याला ठेवतो. मुंग्या लागू नयेत, म्हणून डब्याच्या तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत असतात. अम्मी दुधाच्या कपाटाला असेच करीत असे.

मागच्या पावसाळ्यात मी माझ्या मुलीला घेऊन मकबऱ्यामागच्या माळावर गेलो. झुडपाखालून तित्तराची मादी बाहेर आली. तिच्यामागे इवलीशी पिल्ले होती. मादी पायांनी माती उकरी आणि पिल्ले धावत येऊन काहीतरी टिपत.

"अब्बा, यांना खाऊ कोण आणून देतो?" मुलीने हळूच विचारले.

पक्षी लांब गेल्यावर मी तिला तिथली उकरलेली माती दाखवली. मातीत पांढरी वाळवी भराभर पळत होती.