नाव नसलेले माळी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब एस.टी.ने महाबळेश्वरला गेलो. तिथे धाकटीने विचारले, "बाबा, आपल्या सातारा जिल्ह्यात 'चायनामन' धबधबा कसा?" आम्हाला उत्तर देता आले नाही. कारकुनी पेशा, परत आल्यावर जुने गॅझेटियर चाळले.

इंग्रजांनी १८३४ साली तिथे चिनी व मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधला. तो १८६४ साली बंद झाला. या कैद्यांनी रस्त्यांची कामे केली, बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. चिनी लोकांच्या मळ्यांजवळचा म्हणून तो 'चायनामन' धबधबा!

चीनमधील सुचौच्या बागा प्रसिद्ध आहेत. तळी, खडक, कमानीचे पूल. धनिकांनी व अधिकाऱ्यांनी विसाव्यासाठी करविलेल्या. १९९७ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९८१ पासून तसे एक अंगणही आहे. महाबळेश्वरच्या मळ्यात मात्र घाम होता, विसावा नव्हता. आणि घाम गाळणाऱ्यांची नावे? नुसते 'चायनामन'!

नाव न विचारता जातीने हाक मारणे आमच्या आजोबांनीही सोसले. म्हणून मुलीला सांगितले, "बाळ, राबणाऱ्याला आधी त्याचे नाव विचारावे." वाचकहो, एवढे तरी आपण करू या.